दुसरा लिफाफा

तुमच्या उजळणी वर्गाची प्रमाणपत्रं माझ्या टेबलावर गठ्ठ्याने पडली आहेत. त्यांच्यावर मी सही केलेली नाही, आणि कालचा प्रकार पाहिल्यावर आज करणारही नाही. एकेकाला केबिनमध्ये बोलावून समजूत घालता आली असती. पण चूक एकट्यादुकट्याची नाही, म्हणून सगळ्यांसमोर बोलते. राग आला तर येऊ द्या.

काल दुपारी प्रत्येकाच्या हातात दोन लिफाफे दिले होते. पहिल्यात स्टीलच्या पेल्यावरून काळ्या पावडरीने उचललेला एक चान्स प्रिंट. अंगठ्याचा, अर्धवट, खालच्या बाजूला घसरलेला. डेल्टाचा पत्ता नाही आणि मधोमध पेल्यावरच्या ओरखड्याची तिरपी रेघ. दुसऱ्या लिफाफ्यात तीन संशयितांच्या दहा बोटांच्या स्लिपा. सूचना ठळक अक्षरांत छापलेली होती. पहिला ठसा भिंगाखाली घ्या, त्यात काय दिसतं आणि काय दिसत नाही ते लिहा, तो तुलनेच्या लायकीचा आहे का ते लिहा, वेळ टाका, सही करा, कागद जमा करा आणि मगच दुसरा लिफाफा फोडा. यात न समजण्यासारखं काय होतं? चहा येईपर्यंत बहुतेकांचे दोन्ही लिफाफे फुटलेले होते. पहिल्या ठशाचा कागद कोरा, आणि भिंग एकदा या ठशावर, एकदा त्या स्लिपवर.

चहाच्या वेळी मी मुद्दाम एक वाक्य सोडून दिलं होतं. दोन नंबरच्या संशयिताने कबुली दिली आहे म्हणे. संध्याकाळी कागद तपासले. निम्म्याहून अधिक जणांनी ठसा दोन नंबरच्या उजव्या अंगठ्याशी जुळवला होता. आठ मुद्दे, तांबड्या शाईचे बाण, क्रमांक, सगळं कसं नीटनेटकं. तो ठसा त्या तिघांपैकी कोणाचाच नव्हता. पेला माझ्यासमोर ज्याने धरला, त्याची स्लिप त्या लिफाफ्यात मी घातलेलीच नव्हती. सहावा मुद्दा म्हणून ज्या रिज एंडिंगवर तुम्ही बाण मारलात तो बघा. तिथे रिज संपतच नाही, ओरखडा तिला कापून पुढे जातो. पेल्यावरच्या ओरखड्याला तुम्ही माणसाच्या बोटावरची खूण ठरवलंत, कारण स्लिपवर तशी खूण साधारण त्या जागी होती आणि तुम्हाला ती इथेही हवी होती.

उत्तर चुकलं याचा मला एवढा राग नाही. ठसा अवघड होता, भलेभले अडखळले असते. ज्यांनी 'सांगता येत नाही' असं लिहिलं त्यांचं काम मला मान्य आहे. बाकीच्यांनी ठसा वाचलाच नाही. आधी माणूस ठरवला आणि मग त्याच्यासाठी मुद्दे गोळा केले. ही घाई नव्हे, ही खोड आहे. आणि ती कालच्या दुपारी लागलेली नाही. तुमच्या रोजच्या टेबलावर लागली आहे.

२००४ साली हीच खोड जगासमोर उघडी पडली. ११ मार्चला माद्रिदच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, १९० हून अधिक माणसं गेली. स्टेशनजवळ उभ्या असलेल्या एका व्हॅनमध्ये निळी प्लास्टिकची पिशवी सापडली, आत डिटोनेटर होते. पिशवीवरच्या ठशाची छायाचित्रं इंटरपोलमार्फत एफबीआयकडे गेली. मशीनने कोट्यवधी ठशांतून २० नावं काढून दिली. त्यांतलं चौथं नाव ब्रँडन मेफिल्ड या अमेरिकेतल्या पोर्टलँडच्या वकिलाचं. एका तज्ज्ञाने ठसा जुळवला, दुसऱ्याने पडताळला, विभागप्रमुखाने मान डोलावली. १३ एप्रिलला स्पेनच्या पोलिसांनी कळवलं की आमच्या मते हा ठसा त्याचा नाही. मग एफबीआयने काय करावं? आपलं काम नव्याने, कोऱ्या नजरेने तपासायचं सोडून आपला माणूस माद्रिदला पाठवला, त्यांना पटवून द्यायला. न्यायालयापुढच्या कागदात ओळख शंभर टक्के असल्याचं लिहिलं. ६ मेला मेफिल्डला उचललं. न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेसुद्धा १९ मेला 'जुळतो' असंच सांगितलं, आणि त्याच दिवशी स्पेनने तो ठसा एका अल्जेरियन माणसाचा असल्याचं कळवलं. दुसऱ्या दिवशी मेफिल्ड सुटला. पुढे अमेरिकी सरकारने त्याची माफी मागितली आणि २० लाख डॉलर भरपाई दिली.

त्यांच्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी या प्रकरणाचा अहवाल काढला. मी तो या वर्गाच्या वाचनाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर ठेवला होता. किती जणांनी उघडला, ते तुमच्या चेहऱ्यांवर दिसतंय. त्यात जे लिहिलं आहे ते तुमच्या कालच्या कागदांचं वर्णन म्हणून चालेल. मेफिल्डचा ठसा पाहून झाल्यावर तज्ज्ञ मूळ ठशाकडे परत गेले आणि आधी न दिसलेल्या खुणा त्यांना तिथे दिसू लागल्या. जिथे फरक होता तिथे प्रत्येक फरकाला वेगळा खुलासा चिकटवला गेला, इथे दाब जास्त पडला असेल, तिथे दुसऱ्या स्पर्शाचा भाग आला असेल. तो माणूस मुसलमान झालेला आहे हे ठसा पहिल्यांदा जुळवताना तज्ज्ञांना ठाऊक नव्हतं. पण पुढे शंका उपस्थित झाल्यावर फेरतपासणी हवी तशी झाली नाही, त्यामागे या माहितीचाही हात असावा, असं अहवालाने नोंदवलं आहे. कबुलीची अफवा कानावर पडल्यावर तुमच्या भिंगाला काय झालं, ते आता स्वतःच ताडून बघा.

त्या अहवालातला आणखी एक मुद्दा आपल्या दृष्टीने फार मोलाचा आहे. मेफिल्डचा ठसा खऱ्या माणसाच्या ठशाशी विलक्षण मिळताजुळता होता. ठशांचा साठा जितका मोठा, तितकं दिसायला सारखं पण दुसऱ्याच माणसाचं बोट सापडण्याचा धोका मोठा. आता आपल्याकडे नाफिस आलं. देशभरातल्या अटक झालेल्यांचे ठसे एका जागी, प्रत्येकाला दहा आकडी नंबर, कुठल्याही जिल्ह्यातून शोध. चांगली सोय आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण मशीन यादी देतं, उत्तर देत नाही. यादीतलं पहिलं नाव सगळ्यात जास्त फसवं असू शकतं, कारण ते मुळात साम्यामुळेच वर आलेलं असतं. परवा तुमच्यातले एक जण मला म्हणाले, "मॅडम, सिस्टीमने मॅच दिलाय." सिस्टीम साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहणार आहे का? भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ३९व्या कलमात जे मत ग्राह्य धरलं आहे ते विशेष कौशल्य असलेल्या माणसाचं. ते कौशल्य तुम्ही स्क्रीनवर सोडून दिलं तर तुम्ही तिथे कशाला हवेत?

आता पडताळणीबद्दल. आपल्या कामाचे चार टप्पे तुम्ही झोपेतही म्हणून दाखवाल. विश्लेषण, तुलना, मूल्यमापन, पडताळणी. घोकंपट्टीत तुम्ही पक्के आहात. पण तुमच्या कार्यालयांत पडताळणी कशी होते ते मला माहीत आहे. पहिल्याने बाण मारलेला फोटो, खाली 'जुळतो' हा शेरा, शेजारी सिनियरची सही, आणि तोच कागद दुसऱ्याच्या पुढे. दुसरा त्या बाणांवरून नजर फिरवतो आणि सही ठोकतो. याला पडताळणी म्हणत नाहीत, याला री ओढणं म्हणतात. शेजाऱ्याच्या वहीतलं गणित उतरवून दोघांचं उत्तर सारखं आलं म्हणून ते बरोबर ठरत नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळतं.

२०११ साली अमेरिकेत १६९ तज्ज्ञांना प्रत्येकी सुमारे शंभर जोड्या तपासायला देऊन एक मोठी चाचणी झाली. खरं उत्तर परीक्षकांना ठाऊक होतं, तज्ज्ञांना नव्हतं. १६९ पैकी ५ जणांनी वेगवेगळ्या माणसांचे ठसे एकाच माणसाचे ठरवले. उलट बाजूची चूक, म्हणजे एकाच माणसाचे ठसे असूनही ते त्याचे नाहीत असं सांगणं, ८५ टक्के तज्ज्ञांकडून निदान एकदा तरी झाली. हे आकडे ऐकून कोणी म्हणेल, पाचच चुकले, मग फार झालं का? त्या पाच जणांपुढे तुमचा भाऊ आरोपी म्हणून उभा करा आणि मग सांगा. पण त्या चाचणीतली माझ्या मते खरी शिकवण दुसरीच आहे. चुकीचा माणूस ठरवण्याची तीच चूक त्याच जोडीवर दोघांनी केली, असं एकदाही घडलं नाही. म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञाने पहिल्याचं मत न बघता, कोरा कागद घेऊन तपासलं असतं तर त्यातली प्रत्येक चूक तिथल्या तिथे पकडली गेली असती. एवढा स्वस्त उपाय आहे. त्याला नवं यंत्र लागत नाही, अनुदान लागत नाही. पहिल्याचा शेरा दुसऱ्याला दिसणार नाही अशा रीतीने कागद पुढे सरकवायचा, बस्स. तरी होत नाही. का? कारण साहेबांची सही आधी असली की आपण वेगळं लिहिणं बरं दिसत नाही.

स्कॉटलंडमध्ये हा शिष्टाचार पाळून काय झालं ते ऐका. १९९७ साली किलमारनॉकमध्ये एका बाईचा खून झाला. घरातल्या दाराच्या चौकटीवरचा एक ठसा शर्ली मॅकी या पोलीस महिलेचा असल्याचं तिथल्या ठसे कार्यालयाच्या चार तज्ज्ञांनी सांगितलं. ती म्हणाली, मी त्या घरात पाऊल टाकलेलं नाही. तिच्यावरच खोट्या साक्षीचा खटला भरला गेला. १९९९ साली ती निर्दोष सुटली, पण नोकरी आणि मनःस्वास्थ्य दोन्ही गेलं. त्याच प्रकरणात ज्याला खुनासाठी शिक्षा झाली होती त्याच्याविरुद्धचा ठशाचा पुरावाही टिकला नाही आणि २००२ साली त्याची शिक्षा रद्द झाली. सर अँथनी कॅम्पबेल यांच्या चौकशीचा अहवाल २०११ साली आला. दोन्ही ठसे चुकीचे जुळवले गेले होते, कारस्थान नव्हतं, माणसांची चूक होती. आणि ठशांची साक्ष तथ्य म्हणून नव्हे, मत म्हणून मांडा, अशी शिफारस त्यांनी केली. चार सह्या होत्या त्या कागदावर. चार.

तुम्ही म्हणाल, आपल्या सर्वोच्च न्यायालयानेच १९७९ साली जसपाल सिंग खटल्यात हे अचूक शास्त्र असल्याचं म्हटलं आहे. म्हटलं आहे, आणि ते वाक्य तुम्ही प्रत्येक व्याख्यानात फडकवता. त्याच न्यायालयाचा महमूद विरुद्ध उत्तर प्रदेश हा १९७६च्या रिपोर्टात छापलेला निकाल तुम्ही वाचला आहे का? गंडाशाच्या मुठीवरचा ठसा होता, खुनाचा खटला होता. तज्ज्ञाने मत दिलं, पण मतामागची कारणं दिली नाहीत. न्यायालयाने ते मत बाजूला सारलं. अचूकपणाचं बिरुद मिरवायला सगळ्यांना आवडतं, कारणं लिहायला बसायचं म्हटलं की हात दुखतो. तुमचे अहवाल पाहिले मी. 'दोन्ही ठशांत आठ समान मुद्दे आढळले, सबब ते एकाच बोटाचे आहेत.' पुढे पूर्णविराम. कोणते आठ? ठशाचा दर्जा काय होता? काय जुळलं नाही आणि ते का सोडून दिलं? यातलं काहीही त्या अहवालात नाही. आणि आठच का? किमान अमुक इतके मुद्दे हवेतच, याला शास्त्रीय आधार नाही, असं आंतरराष्ट्रीय ओळखतज्ज्ञ संघटनेने १९७३ साली ठरावाने सांगितलं आणि १९९५ साली इस्राएलमधल्या नेउरिमच्या परिषदेने तेच पुन्हा मांडलं. आकड्यामागे लपता येतं म्हणून तो आकडा तुम्हाला प्रिय आहे. आठ मोजून झाले की विचार थांबवायला परवानगी मिळाल्यासारखं तुम्ही वागता.

परिषदा आणि शिबिरांबद्दल तर बोलायलाच हवं, कारण वर्षातून एकदोनदा सरकारी खर्चाने तुम्ही तिथे जाता. मी गेली कित्येक वर्षं या परिषदा जवळून पाहते आहे. दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, पाहुण्यांचं भाषण, मग एकामागून एक राज्यांची सादरीकरणं. आम्ही असा दरोडा उघडकीस आणला, आम्ही अमुक वर्षांचा जुना खून उलगडला. टाळ्या, गटाचा फोटो, जेवण. प्रत्येक पडद्यावर यशच यश. एखाद्या वक्त्याने उठून सांगितलंय का कधी, की हा ठसा आम्ही जुळवला होता, तो चुकला, आणि कुठे चुकला ते बघा? प्रश्नोत्तरांना पाच मिनिटं उरतात आणि त्यातही विचारलं जातं, नवं सॉफ्टवेअर आमच्या जिल्ह्याला कधी मिळणार. यशाच्या गोष्टी वाचायला आपल्या गावी वर्तमानपत्र येतं. दूरवरच्या सहकाऱ्यांसमोर बसण्याचा एकच फायदा आहे, तिथे तुमचा साहेब तुमच्या डोक्यावर बसलेला नसतो. तुमचा निर्णय कुठे डळमळला ते मोकळेपणी सांगता यावं, यासाठी ती जागा आहे.

मघाशी म्हटलं ती आंतरराष्ट्रीय ओळखतज्ज्ञ संघटना १९१५ साली स्थापन झाली. १९७७पासून ती ठसेतज्ज्ञांना प्रमाणित करते, आणि ते प्रमाणपत्र पाच वर्षांनी नव्याने मिळवावं लागतं, मधल्या काळात काय शिकलात ते दाखवावं लागतं. तुम्ही अखिल भारतीय बोर्डाची परीक्षा दिलीत, उत्तम केलंत, ती सोपी नाही. त्यानंतर तुमच्यापैकी कितीजणांनी उत्तर माहीत असलेल्या ठशांवर स्वतःची नजर पुन्हा तपासून घेतली? सेवेची वर्षं मोजून कौशल्य वाढत नाही. इटियल ड्रोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच अनुभवी तज्ज्ञांना एकेक जोडी दाखवली. ही मेफिल्ड प्रकरणातली जोडी आहे, असं सांगून. प्रत्यक्षात ती प्रत्येकाने स्वतःच काही वर्षांपूर्वी 'जुळते' म्हणून निकालात काढलेली जोडी होती. पाचांपैकी चौघांनी आपलंच मत बदललं. ठसा तोच, डोळे तेच, फक्त कानावर पडलेली गोष्ट वेगळी. २००६ साली हे प्रसिद्ध झालं. तुमच्यातल्या ज्येष्ठांनी तरी ते वाचलेलं असायला हवं होतं.

"मॅडम, वेळ कुठे आहे? तपास अधिकारी दिवसातून चारदा फोन करतो." ठाऊक आहे मला. १ जुलै २०२४पासून फौजदारी प्रक्रियेची नवी संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे, राज्यांना ते अमलात आणायला पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. म्हणजे काम आणखी वाढणार, फोन आणखी वाजणार. पण त्या फोनवर तुम्ही काय बोलता? "बघतो साहेब, तुमचा माणूस असेल तर होऊन जाईल." असं बोललेलं मी ऐकलं आहे. 'तुमचा माणूस' हा शब्द तुमच्या तोंडी येतो कसा? आरोपी कोण, कबुली दिली का, पूर्वीचे गुन्हे किती, यातलं काहीही तुम्हाला ठशाआधी कळता कामा नये. फोन आला तर सांगा, अहवाल झाल्यावर बोलू. तेवढी ताठ मान या नोकरीत ठेवावीच लागते.

मेफिल्ड वकील होता. त्याच्या बाजूने एका देशाचं पोलीसदल उभं राहिलं, म्हणून तो दोन आठवड्यांत घरी आला. तुमच्यापुढे ज्यांच्या स्लिपा येतात त्यांच्या बाजूने कोण उभं राहतं? पारध्याच्या पोराला खासगी ठसेतज्ज्ञ परवडतो का? १९११च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींच्या बोटांचे ठसे सक्तीने घेतले, गुन्हा केला नसला तरी. १९५२ साली तो कायदा गेला, पण त्या वस्त्यांवर पोलिसांची नजर आजही आधी जाते हे महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यात काम केलेल्या कोणाला सांगायला नको. जिथून जास्त माणसं पकडली जातात तिथलेच ठसे साठ्यात जास्त, आणि जिथले ठसे जास्त तिथलीच नावं यादीत वर. न्यायालयात त्यांचा वकील तुमची उलटतपासणी चार प्रश्नांत आटोपतो, कारण विचारायचं काय हेच त्याला माहीत नसतं. तिथे तुमच्या चुकीला अडवणारं दुसरं कोणीही नाही. म्हणून तुम्ही स्वतः अडवायचं आहे, स्वतःच्या टेबलावर, दुसरा लिफाफा फोडण्याआधी.

हे शास्त्र आपल्या मातीत वाढलं याचा मला अभिमान आहे. १८९७ साली कलकत्त्याला जगातलं पहिलं ठसे कार्यालय उघडलं. ज्या वर्गीकरणाला हेन्रीचं नाव मिळालं त्यातलं मोठं काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन फौजदारांचं होतं. दुसऱ्याच वर्षी जलपैगुडीच्या चहामळ्याच्या व्यवस्थापकाच्या खुनाचा खटला चालला. बंगाली पंचांगावर रक्ताने माखलेल्या अंगठ्याचा ठसा होता आणि तो घरच्या जुन्या नोकराशी जुळला. न्यायालयाने त्याला चोरीसाठी शिक्षा दिली, खुनासाठी दिली नाही. ठसा त्या माणसाला त्या खोलीत नेतो, पण त्याने तिथे काय केलं ते सांगत नाही, हा विवेक त्या न्यायालयाने शास्त्र नवं असताना दाखवला. सव्वाशे वर्षं जुन्या शास्त्रात तुम्ही मात्र आरोपीच्या कबुलीवरून बाण मारता.

उद्या सकाळी हाच सराव पुन्हा होईल. नवे ठसे, नवे लिफाफे. दुसरा लिफाफा माझ्या हातात राहील, पहिल्या ठशाचा सही केलेला कागद मिळाल्यावरच मी तो देईन. तुमच्या जोडीदाराला तुमचा निष्कर्ष दिसणार नाही, तो वेगळ्या खोलीत बसेल. जेवणाच्या सुट्टीत कोणी कोणाचं उत्तर विचारलं तर दोघांचे कागद बाद. आणि दुपारच्या सत्रात यशोगाथा होणार नाहीत. प्रत्येकाने स्वतःच्या जुन्या कामातलं एक असं प्रकरण मांडायचं जिथे ठशाने त्याला बुचकळ्यात पाडलं होतं, नावं काढून, ठशाच्या छायाचित्रासह. शंका कुठे आली, ती कशी मिटवली आणि मिटली नसेल तर अहवालात तसं लिहिलं का, एवढं सांगायचं. ज्याच्या सगळ्या नोकरीत असं एकही प्रकरण झालं नाही त्याने तसं आज रात्री कागदावर लिहून, तारीख घालून, सही करून माझ्याकडे द्यावं. तो कागद मी त्याच्या कार्यालयप्रमुखाकडे पाठवीन आणि त्याच्या हातून गेलेले गेल्या वर्षीचे सगळे जुळलेले ठसे दुसऱ्या तज्ज्ञाकडून, मत न दाखवता, पुन्हा तपासून घ्यायला सांगेन.